वाद्यं काढून घेतली तरी चाल उरली पाहिजे: स्कॉटिश बँडच्या माझ्या कपाटातल्या रेकॉर्डी

नवी रेकॉर्ड ऐकून झाली की दुसऱ्या दिवशी भांडी घासताना किंवा ट्रेनची वाट बघताना मी तिच्यातली चाल नुसती गुणगुणून बघते. गिटार नाही, ड्रम नाही, शब्दही धड आठवत नसतात. तरीही चाल स्वतःच्या पायावर उभी राहिली तर रेकॉर्ड कपाटात राहते, नाहीतर कुणाला तरी देऊन टाकते. ग्लासगोत राहायला आल्यापासून या कसोटीला सगळ्यांत जास्त उतरले ते इथलेच बँड. भावगीतं ऐकत वाढलेल्या कानाला त्यांचं गाणं लवकर पटतं. आवाज लहान असला, थोडा कापरा असला तरी चालतो, पण चाल खरी लागते.

सिंपल माइंड्स, टेक्सास, बिफी क्लायरो ही मोठी नावं खाली सापडणार नाहीत. त्यांचे चाहते जगभर आहेत आणि त्यांना माझ्या शिफारशीची गरज नाही. मी लिहितेय ते ज्या रेकॉर्डी मी पदरचे पैसे घालून घेतल्या आणि अजून वाजवते त्यांच्याबद्दल.

सुरुवात बेलशिलपासून. ग्लासगोच्या आग्नेयेला, कोळसा आणि पोलाद यांवर वाढलेलं हे छोटं गाव. कामावर माझ्या बरोबरीची एक बाई तिथलीच आहे, आणि गावाचं नाव निघालं की ती फुटबॉलच्या आधी बँडची नावं सांगते. सूप ड्रॅगन्स, बीएमएक्स बँडिट्स, टीनेज फॅनक्लब, सगळे याच गावच्या दोस्तमंडळींतून उभे राहिले. नॉर्मन ब्लेक आधी बीएमएक्स बँडिट्समध्ये होता, मग १९८९ मध्ये टीनेज फॅनक्लब सुरू झाला. या बँडच्या दोन रेकॉर्डी तरी घरात हव्यातच असं माझं ठाम मत आहे.

पहिली 'बँडवॅगनेस्क', १९९१ ची. गुलाबी कव्हर, त्यावर पिवळी पैशांची पिशवी. तसल्या पिशवीच्या चिन्हाचा हक्क किस बँडच्या जीन सिमन्सकडे निघाला आणि त्याला चेक पाठवावा लागला, हा किस्सा इथे सगळ्यांना पाठ आहे. त्याच वर्षी निर्वाणा या अमेरिकन बँडचा गाजलेला 'नेव्हरमाइंड' आला होता, तरी अमेरिकेतल्या 'स्पिन' मासिकानं वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून निवडला तो 'बँडवॅगनेस्क'. लोक अजून त्यावर वाद घालतात. मला विचाराल तर 'स्पिन'चं बरोबर होतं.

कारण सांगते. पहिलं गाणं 'द कन्सेप्ट', सहा मिनिटांचं. सुरुवातीला गिटारची शीळ लांबत जाते आणि मग नॉर्मन अगदी बोलल्यासारख्या आवाजात एका मुलीबद्दल सांगू लागतो: ती काय घालते, कुणाच्या रेकॉर्डी घेणार म्हणते. यात काही भारी नाही, शेजारच्या मुलीबद्दल बोलावं इतकं साधं. निम्म्यावर गाणं थांबल्यासारखं होतं. लय उतरते, शब्द संपतात, आणि नुसत्या 'आऽऽ' वर आवाजांचे थर चढत जातात. त्याच्यावरून गिटार गात राहते. शब्दांत जे सांगायचं राहून गेलं ते सगळं या दुसऱ्या भागात येतं, आणि तिथे त्या मुलीबद्दल वाटणारी माया पहिल्यांदा पूर्ण कळते. माझ्या कसोटीला हे गाणं दोनदा उतरतं, कारण शब्द त्यांनी स्वतःच काढून घेतले आहेत.

दुसरी 'ग्रां प्री', १९९५ ची. नवीन ऐकणाऱ्यानं खरं तर इथूनच सुरुवात करावी. 'बँडवॅगनेस्क'मध्ये गिटारचा धुरळा आहे, इथे सगळं स्वच्छ दिसतं. या बँडची रचनाच सुंदर होती: नॉर्मन ब्लेक, रेमंड मॅकगिन्ली आणि जेरार्ड लव्ह, तिघंही गाणी लिहायचे, ज्याचं गाणं तो गायचा आणि बाकीचे मागून सूर धरायचे. 'स्पार्कीज ड्रीम' जेरार्डचं. तो बास गिटारही वाजवतो, त्यामुळे त्याच्या गाण्यांत खालचा सूर नुसता ठेका धरत नाही, वरच्या चालीशी बोलत राहतो. हेडफोन लावून फक्त बासकडे कान द्या, निराळंच गाणं ऐकल्यासारखं वाटेल.

जेरार्ड २०१८ मध्ये बँडमधून बाहेर पडला. त्यानंतरच्या 'एंडलेस आर्केड' (२०२१) आणि 'नथिंग लास्ट्स फॉरेव्हर' (२०२३) या रेकॉर्डी चांगल्या आहेत, नॉर्मनच्या चाली अजून तशाच मोकळ्या आहेत. पण तीन आवाजांची पाळी येत-जात राहण्यानं जो श्वास मिळायचा तो मला तिथे मिळत नाही. दोन्ही ऐका, पण विकत घ्यायची वेळ आली तर आधी १९९१ आणि १९९५.

या सगळ्याच्या मागे जायचं तर ग्लासगोतल्या वेस्ट प्रिन्सेस स्ट्रीटला जावं लागतं. तिथल्या १८५ नंबरच्या इमारतीतल्या एका फ्लॅटमधून ॲलन हॉर्न पोस्टकार्ड रेकॉर्ड्स हे लेबल, म्हणजे रेकॉर्डी काढणारी छोटी कंपनी, चालवायचा. ग्लासगोत सगळीकडे असते तशीच वाळूच्या दगडाची इमारत आहे, बाहेरून बघून काही कळत नाही. १९७९ ते १९८१, एवढंच या लेबलचं पहिलं आयुष्य. ढोल वाजवणारं मांजर हे चिन्ह, आणि अमेरिकेच्या मोटाउन या सोल संगीताच्या लेबलच्या ब्रीदवाक्यावरून घेतलेलं 'तरुण स्कॉटलंडचा आवाज' हे ब्रीद. त्या वेळी या पोरांकडे मोटाउनसारखं काहीच नव्हतं, स्टुडिओ नाही, पैसा नाही. पण त्यांनी ठरवलं की पंकच्या घाईगर्दीत सोल संगीताची गोडी मिसळायची, आणि करून दाखवलं. ऑरेंज ज्यूस, एडिनबराचा जोसेफ के, ईस्ट किलब्राइडच्या रॉडी फ्रेमचा ॲझ्टेक कॅमेरा, सगळे तिथून निघाले.

ऑरेंज ज्यूसचं 'रिप इट अप' बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. १९८३ मध्ये ते ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकापर्यंत गेलं. त्यातला तो डबडबणारा, ओल्या रबरासारखा बास म्हणजे रोलंड टीबी-३०३ हे छोटं यंत्र. एकट्यानं सराव करणाऱ्या वादकाला बासची साथ मिळावी म्हणून ते बनवलं होतं. पुढे ॲसिड हाउस या क्लबमधल्या नाचाच्या संगीतवाल्यांनी ते जगभर नेलं, पण या पोरांनी त्याच्या कितीतरी आधी त्यावर एक हसरं पॉप गाणं उभं केलं. ऑरेंज ज्यूसचा गायक एडविन कॉलिन्स, त्याचा आवाज खर्जातला, जरा डुलणारा. वरच्या सुरात तो चढतो तेव्हा पोचेल की नाही याची धाकधूक वाटते, आणि तीच मला आवडते.

एडविनबद्दल आणखी एक रेकॉर्ड सांगायलाच हवी. २००५ मध्ये त्याला मेंदूत दोनदा रक्तस्राव झाला. वाचा गेली. सुरुवातीला मोजकेच शब्द उरले होते, त्यांत बायकोचं नाव होतं, ग्रेस मॅक्सवेल. उजवा हात गिटार वाजवण्याजोगा राहिला नाही. आणि २०१० मध्ये त्यानं 'लुझिंग स्लीप' काढला. सोबतीला स्मिथ्स बँडचा गिटारवादक जॉनी मार होता, ग्लासगोच्याच फ्रांझ फर्डिनांड बँडचे लोक होते, पोस्टकार्डच्या दिवसांपासूनचा रॉडी फ्रेमही होता. शब्द थोडे आहेत, वाक्यं तोकडी आहेत, आणि ठेका असा की घरात बसून ऐकवत नाही. आजारातून उठलेल्या माणसाची रेकॉर्ड म्हणून कौतुकानं ऐकायची गरजच पडत नाही. ती त्याच्या सर्वोत्तम रेकॉर्डींपैकी आहे. माझ्या कामात अशा आजारातून बोलायला शिकणारी माणसं मी पाहते, म्हणून मला माहीत आहे की एक वाक्य तालावर पूर्ण म्हणणं केवढी मोठी गोष्ट असते.

रॉडी फ्रेमची 'हाय लँड, हार्ड रेन' (१९८३) पण घ्या. ती आली तेव्हा तो १९ वर्षांचा होता. त्यातल्या 'ऑब्लिव्हियस' गाण्याची गिटार ऐकल्यावर वयावर विश्वास बसत नाही.

आता 'टायगरमिल्क'. बेल अँड सेबॅस्टियनची ही पहिली रेकॉर्ड १९९६ मध्ये ग्लासगोच्या स्टो कॉलेजच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून निघाली. संगीत व्यवसाय शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचं इलेक्ट्रिक हनी नावाचं लेबल होतं, दरवर्षी एखादा बँड निवडून त्याची रेकॉर्ड काढायची. तो अभ्यासक्रम शिकवणाऱ्यांत असोसिएट्स बँडचा ॲलन रँकिन होता, म्हणजे १९८२ मध्ये 'सल्क'सारखी वेडी, श्रीमंत रेकॉर्ड करणारा माणूस नव्या पोरांना हाताशी धरत होता. तीन दिवसांत ध्वनिमुद्रण झालं, हजार प्रती निघाल्या. स्टुअर्ट मर्डॉक त्याआधी कित्येक वर्षं दीर्घ थकव्याच्या आजारानं घरात पडून होता, आणि त्या काळातच तो गाणी लिहायला लागला.

पहिल्या गाण्यात, 'द स्टेट आय ॲम इन'मध्ये, सुरुवातीला फक्त गिटार आणि त्याचा आवाज आहे, तोही इतका हळू की आवाज वाढवायला हात जातो. मग एकेक वाद्य आत येतं, जणू लोक उशिरा तालमीला पोचताहेत. कुणी कुणाला ढकलत नाही. गाण्यातली माणसं तर काय, बसमध्ये समोर बसलेली: शाळेत छळ सोसणारी मुलगी, धर्मगुरूकडे मन मोकळं करणारा तरुण. तीन दिवसांच्या कामात कच्चेपणा राहणारच, आणि तो ऐकू येतो. 'इलेक्ट्रॉनिक रेनेसान्स' मला कधीच आवडलं नाही, मर्डॉकचा आवाज असा गाळून घेण्यात काय मिळालं कळत नाही. बाकी नऊ गाण्यांना मी हात लावू देणार नाही. त्याच वर्षी आलेली 'इफ यू आर फीलिंग सिनिस्टर' जास्त गाजली, गाणी म्हणून कदाचित सरसही असेल. पण 'टायगरमिल्क'मध्ये सात-आठ जण एकमेकांना नुकतेच ओळखू लागलेत हे ऐकू येतं, ते पुन्हा कुठे सापडलं नाही.

माझ्या कपाटातली सगळ्यांत आवडती रेकॉर्ड मात्र यांपैकी कुठलीच नाही. ती आहे ब्लू नाइलची 'हॅट्स', १९८९ ची. पॉल ब्युकॅनन, रॉबर्ट बेल आणि पी. जे. मूर, ग्लासगो विद्यापीठातले तिघं. पहिली रेकॉर्ड १९८४ मध्ये आली, दुसरी पाच वर्षांनी. एवढ्या वर्षांत गाणी किती? सात. काढली लिन रेकॉर्ड्सनं, आणि लिन म्हणजे ग्लासगोची टर्नटेबल बनवणारी कंपनी. म्हणून असेल, या रेकॉर्डचा आवाज असा आहे की सुई टेकवल्यावर खोली मोठी झाल्यासारखी वाटते.

मी रात्रपाळी करते. पहाटे घरी जाताना बसच्या काचेवरून पाणी ओघळत असतं, दुकानांचे दिवे रस्त्यावर सांडलेले असतात, आणि एखादा माणूस स्टॉपवर कुठेही न बघता उभा असतो. 'द डाउनटाउन लाइट्स' नेमकं त्या माणसाचं गाणं आहे. सिंथेसायझरचा एक मंद ठोका, त्यावर तंतुवाद्यांसारखे लांब सूर, आणि मधे भरपूर रिकामी जागा. ब्युकॅनन ओळ म्हणतो आणि थांबतो. पुढची ओळ कधी येणार याचा अंदाज येत नाही. प्रेम आहे की नाही याची खात्री करून घेणारा माणूस जसा एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतो, तसा तो विचारतो. शेवटाकडे आवाज फाटायला येतो आणि तो शहरातल्या गोष्टींची नुसती नावं घेत सुटतो, दिवे, रस्ते, गाड्या. सांगण्यासारखं उरलेलं नसतं, पण थांबवत नाही. संपूर्ण स्कॉटिश पॉपमध्ये एवढा उघडा क्षण मला दुसरा माहीत नाही.

टेलर स्विफ्टनं २०२४ च्या अल्बममध्ये एका गाण्यात ब्लू नाइलचं आणि या गाण्याचं नाव घेतलं, त्यामुळे आता तरुण मुलंही 'हॅट्स' शोधतात. फार बरं झालं. फक्त एक विनंती, ती मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. रिकामी जागा हीच यातली अर्धी रचना आहे, आणि ती छोट्या स्पीकरवर नुसती शांतता होऊन जाते. 'फ्रॉम अ लेट नाइट ट्रेन'मध्ये पियानो आणि ट्रम्पेट यांच्यामधलं अंतर ऐकू आलं पाहिजे.

काही रेकॉर्डींबद्दल थोडक्यात. जीझस अँड मेरी चेनची 'सायकोकँडी' (१९८५): ईस्ट किलब्राइडच्या जिम आणि विल्यम रीड या भावांनी गोड चालींवर गिटारचा किंचाळणारा आवाज ओतला, आणि प्रायमल स्क्रीम या बँडचा गायक बॉबी गिलेस्पी उभ्यानं दोनच ड्रम बडवत होता. पहिलं 'जस्ट लाइक हनी' ऐका, आवडलं तरच पुढे जा. बाकीची रेकॉर्ड जास्त कर्कश आहे, डोकं दुखत असेल त्या दिवशी लावू नका. कॉक्टो ट्विन्सची 'हेवन ऑर लास व्हेगस' (१९९०) जरूर घ्या. ग्रेंजमाउथसारख्या तेल शुद्धीकरण कारखान्याच्या गावातून एलिझाबेथ फ्रेझरचा हा आवाज निघाला. शब्द कळत नाहीत, आलापासारखं ऐकायचं. मोग्वाई माझ्या कसोटीत बसत नाही, त्यांच्याकडे गायचीच गोष्ट कमी, तरी २०२१ ची 'ॲज द लव्ह कंटिन्यूज' आवाज मोठा ठेवून ऐकण्यासारखी आहे. फ्रांझ फर्डिनांडची २००४ ची पहिली रेकॉर्ड पार्टीला हमखास चालते. चर्चेसचं पहिलं काम छान, पण चकचकीतपणा लवकर थकवतो.

उच्चारांबद्दल मात्र मला थांबून बोलायचंय. बरेच ब्रिटिश गायक गायला लागले की अमेरिकन होतात. एडिनबराच्या लीथ या बंदरभागातल्या क्रेग आणि चार्ली रीड या जुळ्या भावांनी, म्हणजे प्रोक्लेमर्सनी, ते कधीच केलं नाही. 'सनशाइन ऑन लीथ' (१९८८) मधला 'र' असा घोळून येतो की गाव समोर उभं राहतं. २०१६ मध्ये लीथच्याच हिब्स फुटबॉल क्लबनं ११४ वर्षांनी स्कॉटिश कप जिंकला तेव्हा ग्लासगोच्या हॅम्पडन मैदानात चाहत्यांनी हे गाणं गायलं. त्याचं चित्रण बघा. हजारो माणसं, त्यातले बरेचसे रडताहेत, आणि चाल कुठेही हलत नाही. माझ्या कसोटीचा याहून मोठा पुरावा नको.

त्याच वाटेवर पुढे सेलकर्कच्या फ्रायटन्ड रॅबिटची 'द मिडनाइट ऑर्गन फाइट' (२००८) आहे. लहानपणी फार लाजाळू म्हणून स्कॉट हचिसनला त्याची आई ज्या नावानं ओळखायची तेच बँडचं नाव. प्रेमभंगाची गाणी आहेत, पण तो दुसऱ्याला दोष देत बसत नाही, स्वतःलाच तपासत राहतो. स्कॉट २०१८ च्या मे महिन्यात गेला. त्याच्या घरच्यांनी तरुण मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी टायनी चेंजेस ही संस्था काढली आहे. मन आधीच खचलेलं असेल तर ही रेकॉर्ड एकट्यानं ऐकू नका, कुणाला तरी सोबत बसवा.

आणि कॅमेरा ऑब्स्क्युरा हा बँड. ट्रेसीॲन कॅम्पबेलच्या आवाजात रडू आणि हट्ट एकत्र असतो. 'लेट्स गेट आउट ऑफ धिस कंट्री' (२००६) चं पहिलं गाणं म्हणजे लॉइड कोलच्या १९८४ मधल्या एका गाण्याला दिलेलं उत्तर. त्यानं विचारलं होतं, मन मोडून घ्यायला तयार आहेस का? ही म्हणते, आहे. ऑर्गनचा तो भरून आलेला पहिला सूर कॅरी लँडरचा. कॅरी २०१५ मध्ये हाडाच्या कर्करोगानं गेली, बँड कितीतरी वर्षं थांबला, आणि २०२४ मध्ये 'लुक टू द ईस्ट, लुक टू द वेस्ट' आली. ती विकत घेताना मला भीती होती, पण चाली तशाच भरीव आहेत आणि कॅम्पबेलचा आवाज आता खाली येऊन जास्त स्थिरावला आहे.

खरेदीबद्दल. ग्लासगोत असाल तर किंग्स कोर्टमधल्या रेल्वेच्या कमानीखाली मोनोरेल म्युझिक आहे, पेस्टल्स बँडच्या स्टीव्हननं सोबत्यांबरोबर २००२ मध्ये काढलेलं. वरच्यातल्या बऱ्याच बँडचा तोच मोठा भाऊ, त्यामुळे स्थानिक रेकॉर्डींसाठी तिथेच जावं. त्याच जागेत मोनो हा व्हीगन कॅफे आहे. नव्या एलपीला साधारण २५ ते ३० पौंड पडतात. 'टायगरमिल्क'च्या त्या हजारांतली प्रत कुणी विकायला काढली तर शेकडो पौंड सांगेल. घेऊ नका, १९९९ नंतर पुन्हा काढलेल्या प्रतीत तीच गाणी आहेत. वाचलेल्या पैशांत 'हॅट्स', 'ग्रां प्री' आणि 'लुझिंग स्लीप' येतील, आणि त्याच क्रमानं घ्या.